गुडघेदुखीची पुडी

त्या बाईचं नाव मी सांगणार नाही, पण वलगावकडचं ते प्रकरण अजून डोक्यातून गेलेलं नाही. घरची फुलशेती, वय साठीच्या पुढे. सकाळी मळ्यात झेंडू तोडताना रक्ताची उलटी झाली आणि दवाखान्यात पोहोचण्याआधीच ती गेली. आम्ही आकस्मिक मृत्यूची नोंद केली. दुपारी तिचा थोरला भाऊ ठाण्यात आला.

"सुनेनं जहर देल्लं, साहेब. घरात रोज भांडनं होती."

भांडणं खरी होती. शेजाऱ्यांच्या जबाबातही तेच आलं. महिला शिपायाला सोबत घेऊन मी सुनेची चौकशी केली. ती रडली नाही. ठाण्यात न रडणाऱ्या बाईवर संशय लवकर बसतो.

"मी काहून मारीन त्याईले?" ती म्हणाली. "पोटात जळते म्हनत होत्या. संडासले डांबरावानी काळं होत होतं. दवाखान्यात चला म्हनलं, तं म्हने, गुडघे बरे झाले, आता काहाले दवाखाना?"

"गोळ्या घेत होत्या?"

"गोळी नाई. जडीबुटीची पुडी. सकाळी उपाशीपोटी."

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना विषाचं लक्षण दिसलं नाही. जठरात मोठा व्रण होता आणि त्यातली रक्तवाहिनी फुटली होती. "दुखणं थांबवायच्या गोळ्या चालू होत्या का?" त्यांनी विचारलं. मी घरातल्या उरलेल्या पुड्या पंचनामा करून जप्त केल्या आणि तपासणीला पाठवल्या. अहवालात जडीबुटी नावापुरती होती. बाकी वेदनाशामक गोळ्यांची पूड आणि स्टेरॉईड; दोन्ही मिळून जठराला व्रण पाडतात.

विकणारा राजापेठेतल्या भाड्याच्या खोलीत सापडला. गोळ्या दळायचा मिक्सरही तिथेच होता. "लोकाइले आराम तं पडत होता ना," तो म्हणाला. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला.

पुडी घरात आणली कोणी, हे सुनेला विचारायचं राहिलं होतं.

"मामाजीनं," ती म्हणाली. म्हणजे नवऱ्याचे मामा, तक्रार देणारा तोच भाऊ.

"आधी का नाही सांगितलंस?"

"बहिनीसाठी मायेनं आनली होती त्याईनं."

भावाला बोलावून मी अहवाल समजावून सांगितला. त्याने खिशातून तसलीच एक पुडी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "मीबी तेच घेऊन राहिलो, साहेब."

त्याला ठाण्याच्या गाडीतूनच दवाखान्यात पाठवलं. त्याच्याही पोटात व्रण निघाला. तो वाचला. सुनेची माफी मागायला गेला तेव्हा तिने त्याला पाणी दिलं.

पोलिसाला मेलेल्याच्या घरात आधी वैर शोधायची सवय असते. त्यानंतर मी 'भांडण कोणाशी होतं' याआधी 'औषध काय घेत होते, आणि आणलं कोणी' हे विचारू लागलो. त्या प्रश्नाचं उत्तर कधी कधी घरातल्याच कोणाला तरी जन्मभर वागवावं लागतं.