दोनदा दाबायचा ब्रेक

काकांच्या जुन्या गाडीचा ब्रेक दाबला, की पाय लोण्यात रुतत थेट पाताळात पोचतो. उद्या याच गाडीतून त्यांची नात नवरी होऊन घाट उतरणार!

"दोनदा दाबायचा, मग लागतो," काका ऐटीत म्हणाले.

मेकॅनिक उस्मानभाई उखडले, "काका, ब्रेकच्या पाइपात हवा शिरलीय! ऑइल कधी बदललं होतं?"

काकांनी दर दसऱ्याला गावभर सरबत होईल एवढी लिंबं चाकांखाली चिरडली, पण वाटीभर ऑइल बदललं नाही! संताप येतो तो याचाच. दार असं ढकल, नळ तसा पीळ; बिघाड सांभाळायच्या युक्त्याच आपण पोरांना वारशात देतो.

उस्मानभाईंनी हवा काढली, नवं ऑइल भरलं. ब्रेक पहिल्याच दाबात लागला.

काका करवादले, "बिघडवलीत की हो माझी गाडी!"