उलटी वीण

आत्याने चाळीस वर्षं लोकांच्या खुर्च्यांना वेत विणून दिला. तिच्या घरात मात्र वडिलांची एकच जुनी खुर्ची होती, आणि ती आली कुठून यावर घरात कुणाचंच एकमत नव्हतं. थोरला भाऊ सांगायचा, न्यायाधीशांनी भेट दिली. धाकटा म्हणायचा, लिलावातली. वहिनी हळूच म्हणायची, "ढापलेली असणार."

शेवटी भाच्याने जुन्या वस्तूंचा एक जाणकार गाठून घरी आणला. त्याने खुर्ची उलटीपालटी केली, बैठकीवर भिंग धरलं आणि मान डोलावली.

"ही तिरपी वीण नेहमीच्या उलट बाजूने गेलीय. असं काम आपल्याकडे होतच नाही. परदेशातली आहे, निदान शंभर वर्षांपूर्वीची."

भाचा हरखला. "आत्या, आता हिच्यावर बसू नकोस हं. काचेआड ठेवू."

आत्या बादलीत वेत भिजवत होती. तिने ओला डावा हात वर केला.

"हा घ्या तुमचा परदेश. मी डावरी आहे आणि ती बैठक मी गेल्या वर्षी विणलीय. उस्तादाने पट्ट्या मारल्या तरी हात बदलला नाही, आता तुमच्या भिंगासाठी बदलू?"

जाणकाराने भिंग खिशात घातलं. "मग हिच्यात विशेष काही नाही," म्हणून तो निघून गेला.

भाचा चिडला. "सगळं घालवलंस. जरा गप्प बसली असतीस तर?"

"बसते की," आत्या म्हणाली आणि पाय पसरून त्याच खुर्चीत बसली. "पण गप्प नाही."