गुरुजींचा गळ

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे असतील, तर ते माझ्या शाळेतल्या गुरुजींचे. आमच्या घरात कॉलेजचा फॉर्म कोणी पाहिलासुद्धा नव्हता. तो त्यांनी भरला आणि वाशीमला माझ्यासोबत येऊन दिला. सत्तरच्या दशकात मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, तो त्यांच्यामुळे.

गुरुजींना एकच शौक होता. रविवारी तलावावर गळ टाकून बसायचं. ते स्वतः मासे खात नसत. गळाला लागलेले मासे गावात वाटून देत. आमच्या घरीही येत.

निकालानंतर गावी आलो, तेव्हा रविवारच्या बाजारात भोईण मावशीनं हाक मारली. तिचा नवरा त्याच तलावात जाळं टाकायचा आणि ती मासे विकायची. बाजार उठायला आला, तरी टोपली भरलेलीच होती.

"काहून रे, लय शिकला म्हंतात तू?"

"हो मावशी."

"मंग सांग, बाजाराच्या दिशी तुहे गुरुजी फुकट वाटून राह्यले, तं माही मासोळी कोन घेईन? माशा?"

शेजारची कांदेवाली हसली. मावशी हसली नाही.

"अन् बसतेत कुठी, तं नाल्याच्या तोंडावर! पाणी आलं का मासोळी तिथूनच वर चढते, अंडे टाकाले. आमी त्या दिवसात तिथं जाळं लावत नाई. त्याहिले कोन सांगन? तूच सांग."

मी "बरं" म्हणालो आणि निघून आलो. घरी आईनं गुरुजींनी दिलेला रोहू चिरला, तर पोटात अंड्यांचे दाणेच दाणे. कॉलेजात हे शिकलो होतो. पण एका गळानं तलावाचं असं काय बिघडतं, ते पुस्तकात नव्हतं. मावशीचं जाळं तर कितीतरी जास्त मासे काढतं. मग चूक कोणाची? तिची टोपली मात्र भरलेली मी पाहिली होती. मला काही उलगडेना. तो रोहू मी खाल्लाही.

तोंडावर बोलायची हिंमत नव्हती. नोकरीच्या गावी गेल्यावर पत्र टाकलं.

"आदरणीय गुरुजी, सादर प्रणाम. तुम्ही वाटता ते मासे घेणारे लोक त्या दिवशी भोईण मावशीकडे जात नाहीत. आणि नाल्याच्या तोंडाशी पावसाळ्यात मासे अंडी घालायला येतात, तेव्हा भोई तिथं जाळं लावत नाहीत. तुम्ही गळ सोडावा, असं मी कसं म्हणू? पण तेवढे दिवस दुसरीकडे बसाल का? आणि मासे वाटण्याऐवजी मावशीच्या टोपलीत टाकाल का? मी चुकत असेन, तर पूर्वीसारखी लाल शाईनं खूण करून हेच पत्र परत पाठवा. तुमचा विद्यार्थी."