छायाचे एकवीस प्रश्न

छाया विधाते आमच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची, मी संख्याशास्त्र. १९९६च्या दिवाळीनंतर ती एक जाडजूड परदेशी प्रश्नावली घेऊन माझ्याकडे आली. विषय सायकोपॅथी. गोड बोलून माणसं वापरणं, दुसऱ्याच्या दुःखानं जराही न हलणं, केल्याचा पश्चात्ताप नसणं. हे गुण थोडेफार कुणातही असतात. ते किती, हे मोजायचं. प्रश्न दीडशेच्या वर.

"सर, सातपूरच्या कारखान्यांतले कामगार साठाव्या प्रश्नानंतर न वाचताच खुणा करतात. मला छोटी हवी, आपल्या बोलण्यातली."

"प्रश्न कमी केले की मोजमाप डळमळतं," मी म्हणालो.

"मग न डळमळणारे शोधू."

शोधायला सात वर्षं लागली. 'मला अपराधी वाटत नाही' या वाक्यापुढे जवळजवळ प्रत्येकानं 'बरोबर' अशी खूण केली. छायाला कळेना. तिची आई चिमणाबाई पंचवटीत फुलं विकायची. गजरे ओवता ओवता तिनं ते वाक्य ऐकलं आणि म्हणाली, "अगं, अपराधी म्हणलं की पोलीस आठवतो. कोण कशाला कबूल करंल? त्यापरीस इचार, कोणाचं वाईट केल्यावर जेवण गोड लागतं का." छायानं लिहिलं, 'कुणाचं नुकसान केलं तरी माझी झोप-जेवण बिघडत नाही.' पुढे सगळ्यांत भरवशाचा ठरला तो हाच प्रश्न.

१९९९मध्ये सातपूरच्या एका कारखान्यात दोनशे दहा जणांनी फॉर्म भरले. महिन्यानं त्याच माणसांकडून पुन्हा भरून घ्यायचे होते, उत्तरं जुळतात का ते पाहायला. म्हणून प्रत्येकाला नंबर दिला होता आणि नावांची यादी छायाच्या पर्समध्ये होती. तेवढ्यात स्टोअरमधून माल चोरीला गेला. मालकानं तिला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, सर्वांत जास्त मार्क कोणाला पडलेत, तेवढं सांगा."

"यातून चोर सापडत नाही. आणि नावं कुणाला देणार नाही, असा शब्द दिलाय मी."

"मग उद्यापासून येऊ नका."

संध्याकाळी तिनं माझ्यासमोर यादीचे तुकडे केले. मी चिडलो. "अगं, आता कुणाचा फॉर्म कुठला ते कसं कळणार? इतकी मेहनत पाण्यात गेली!"

"गेली," ती म्हणाली. आवाज ओला होता, पण हात थांबले नाहीत.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी कॉलेजच्या फाटकाशी सत्तावीस कामगार उभे होते. पुढे सहादू नावाचा लेथवाला.

"मॅडम, तुम्ही नावं दिली नाय, हे समद्यांला कळलंय. द्या फॉर्म. माझा नंबर सत्तेचाळीस."

ज्याला त्याला आपापला नंबर पाठ होता. तीन आठवड्यांत एकशे चौतीस जण येऊन गेले. आकडेमोड मीच केली. पहिल्या आणि दुसऱ्या वेळची उत्तरं छान जुळली.

२००३मध्ये एकवीस प्रश्नांची प्रश्नावली पूर्ण झाली. भरायला सात मिनिटं लागतात. धुळ्या-जळगावचे संशोधक ती मागवू लागले. 'यावरून कुणाला नोकरी देणार नाही, कुणाची काढून घेणार नाही,' असं सहीनिशी लिहून दिल्याशिवाय छाया ती पाठवत नसे. एका मोठ्या कंपनीनं भरतीसाठी मागितली, तेव्हा तिनं तीन ओळींत नकार कळवला. ते पत्र टपालात मी टाकलं.