वरून गोठवलेली लादी

‘‘थांबाचं का तुह्यासाठी?’’ फोनवर सुजाताने विचारलं. मोठेबाबा गेल्याचं तिने त्याआधीच सांगितलं होतं, एका वाक्यात, सावकाश. मी जर्मनीतल्या प्रयोगशाळेत, शीतकक्षाच्या दाराशी उभी होते. अंगात जाड कोट, हातात नोंदवही. सवयीने मी मनात मांडणी केली. विमानतळ, मुंबई, नागपूर, तिथून पुसद... सगळं वेळेवर मिळालं तरी दीड दिवस. ‘‘नका थांबू,’’ मी म्हणाले. सुजाताने आवाज न चढवता म्हटलं, ‘‘त्याइनं तं साऱ्या तालुक्याले थांबू देलं होतं व.’’

या वाक्याचा अर्थ वाचकांना कळावा म्हणून मला पुसदच्या बर्फाच्या कारखान्यात जावं लागेल. मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ देवराव, तिथे तीसहून अधिक वर्षं ऑपरेटर होते आणि सुजाता ही त्यांची एकुलती मुलगी. वडील शाळेत शिक्षक. त्यांची बदली कधी बाभुळगाव, कधी कळंब अशी होत राहिली, म्हणून मी शिक्षणासाठी मोठेबाबांकडे वाढले. शाळा सुटली की मी आणि सुजाता कारखान्यात जात असू. लाकडी फळ्यांनी झाकलेला मोठा हौद, त्यात कधीच न गोठणारं खारं पाणी, आणि त्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेले पत्र्याचे उभे डबे. डब्यातलं गोडं पाणी गोठतं आणि भोवतीचं खारं पाणी, त्याहून थंड असूनही, वाहतं राहतं. ‘‘हे काहून गोठत नाही?’’ असं मी विचारलं तेव्हा मी पाचवीत होते. मोठेबाबांनी उत्तर दिलं, ‘‘मीठ त्याले झोपू देत नाही.’’ पुढे विद्यापीठात हेच मी समीकरणांसह शिकले. आज शनीच्या एका लहानशा चंद्राचा, एन्सेलाडसचा, अभ्यास करताना मी त्याच प्रश्नाशी आहे. त्याच्यावर बर्फाचं कवच आहे, कवचाखाली खारा समुद्र आहे, आणि तो गोठलेला नाही.

त्यांच्या कामाची एक रीत मात्र मला कोणत्याही पुस्तकात सापडली नाही. डबा बाहेरून आत गोठत जातो. पाण्यातला क्षार, गाळ, सगळं बर्फापुढे सरकत शेवटी मधोमध जमतं. तिथलं पाणी गोठण्याच्या बेतात आलं की मोठेबाबा नळी घालून ते ओढून काढत आणि त्या जागी स्वच्छ पाणी भरत. याला ते ‘गाभा काढणं’ म्हणत. रसवंतीवाले आणि मच्छीवाले गाभा न काढलेल्या, मधोमध पांढऱ्या लाद्या बिनतक्रार नेत, त्यामुळे इतर ऑपरेटर ही मेहनत करत नसत. मोठेबाबाही सगळ्या लाद्यांसाठी करत नसत. एका रांगेसाठी करत. ती रांग ते हिवाळ्यातही चालू ठेवत.

हिवाळ्यात बर्फ कोण नेतं? माझ्या शाळेच्या त्या वर्षांत नेत असत. कापसाच्या शेतकऱ्यांनी जीव दिल्याची ती वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांत येत होतं आणि त्यावर बाहेरून आलेल्या माणसांनी बरंच लिहिलं. मला ती वर्षं जीपवरून आठवतात. दुपारच्या उन्हात एखादी जीप फाटकाशी येऊन उभी राही, दोन पुरुष उतरत, आणि काय पाहिजे ते मोठ्याने सांगायचं टाळत. मोठेबाबाही विचारत नसत. फक्त एवढंच म्हणत, ‘‘कोण याचं राह्यलं?’’ कोणाची बहीण सुरतेला, कोणाचा भाऊ फौजेत. ते मान हलवत आणि त्या रांगेतल्या लाद्या काढून भुश्यात, मग पोत्यात गुंडाळून देत. एकदा मी त्यांना विचारलं, याच का? तेव्हा ते म्हणाले, ‘‘पांढरी लादी मधातून फुटते, लवकर पाणी होते. पोरगी एस्टीत बसली असन, तिले घरी पोचू तं दे.’’ त्या दिवशी त्यांनी हे दुसऱ्यांदा केलं होतं. संध्याकाळी ते जेवले नाहीत, एवढंच आठवतं. त्या वर्षांत आमच्याकडे न बोलण्याचंच वळण पडून गेलं होतं.

मी हुशार होते आणि ते मला लवकर कळलं होतं. अमरावती, मग पुणे, मग परदेश. प्रत्येक पायरीवर पुढची पायरी ठरलेली असे. डॉक्टरेटनंतरच्या पहिल्या नेमणुकीत माझ्याकडे काम होतं ते खाऱ्या बर्फाचे लहान स्तंभ गोठवून त्यांवर ताण देण्याचं. तडे कसे पडतात ते पाहायचं आणि त्यावरून त्या चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरच्या लांब भेगांबद्दल अनुमान काढायचं. करार दोन वर्षांचा होता. पहिले आठ महिने माझा प्रत्येक नमुना मधूनच फुटला. ताण कुठूनही द्या, फुटणार मधूनच. मी यंत्र तपासलं, मिठाचं प्रमाण बदललं, आकडेवारी तीनदा तपासली. थकून एका रविवारी मी मोठेबाबांना फुटक्या नमुन्याचा फोटो पाठवला, निव्वळ गंमत म्हणून. दहा मिनिटांत त्यांचा फोन आला.

‘‘हे चौफेर गोठवून राह्यली का तू?’’

‘‘हो.’’

‘‘मंग मीठ मधात नाही जाईन तं कुठं जाईन? तिथंच फुटन ते. तुह्या त्या चंद्राले चारही बाजूनं हौद आहे का?’’

मी सांगितलं, नाही. तिथे थंडी फक्त वरून आहे, खाली समुद्र आहे.

‘‘तं वरूनच गोठव ना माय. बाजूनं भुसा लाव. मिठाले खाली पळाले जागा ठेव. इतकं शिकली अन्‌ डबा उलटा लावून बसली.’’

ते मनापासून हसले. मी साच्याला बाजूंनी उष्णतारोधक वेष्टण घातलं, तळाशी खारं पाणी निसटायला वाट ठेवली आणि फक्त वरून गोठवलं. तिसऱ्या आठवड्यात पहिला नमुना मधून न फुटता निघाला. मी त्याचाही फोटो पाठवला. माझा पहिला स्वतंत्र शोधनिबंध त्या पद्धतीवर उभा आहे.

निबंधाच्या शेवटी आभाराचा एक परिच्छेद असतो. त्यात मी एक ओळ लिहिली होती : गोठवण्याच्या पद्धतीतला दोष पुसद येथील बर्फ कारखान्याचे ऑपरेटर देवराव यांनी ओळखला. निबंध पाठवण्याच्या दिवशी ती ओळ मी काढली. मला कोणी सांगितलं नव्हतं. माझे मार्गदर्शक तर तिच्यावर खूश झाले असते. पण त्या परिच्छेदात दोन संस्थांचे संचालक होते, पुढच्या महिन्यात माझी एक मुलाखत होती, आणि माझ्या नावाला, गावाला, उच्चारांना आधीच पुरेशी स्पष्टीकरणं द्यावी लागत होती. आणखी एक स्पष्टीकरण देण्याचं त्राण माझ्यात नव्हतं. हे कारण आहे, समर्थन नाही. त्या ओळीच्या जागी मी लिहिलं : ‘गोठवण्याची पद्धत सुधारण्यात आली.’ कोणी सुधारली ते त्या वाक्यात नाही. शास्त्रीय लेखनाची ती सोय आहे आणि मी ती वापरली.

मोठेबाबांनी एकदाच विचारलं होतं, ‘‘त्यात आपलं पुसद येईन का व?’’ मी म्हणाले होते, ‘‘येईल.’’ पुढच्या सुट्टीत मी छापील प्रत त्यांच्या हातात दिली तेव्हाही काही बोलले नाही. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी पानं उलटली, आलेख पाहिले, तड्यांच्या छायाचित्रावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘‘साफ आहे.’’ त्यानंतर दोन वर्षांनी कारखाना बंद झाला. घरोघरी फ्रीज आले होते, आणि त्या दुसऱ्या कामासाठी विजेवर चालणाऱ्या काचेच्या पेट्या आल्या होत्या. मोठेबाबांनाही तशाच पेटीत ठेवलं होतं, असं सुजाता म्हणाली. दुपारपर्यंतच. मी थांबू नका म्हटलं होतं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे मृत्यूनंतरच्या विधीला मी पोचले. वंदना झाली, माणसं जेवून गेली, आणि सुजाता मला मागच्या खोलीत घेऊन गेली. तिथे लाद्या उचलायचा आकडा, लाकडी म्यानातला थर्मामीटर आणि कारखान्याच्या तापमानाची एक जुनी नोंदवही होती. नोंदवहीत घडी घालून माझा निबंध ठेवला होता. ‘‘शेजारच्या गुरुजींकून वाचून घेतला होता,’’ सुजाता म्हणाली. ‘‘शेवटचं पान दोनदा वाचाले लावलं.’’

‘‘मग?’’

‘‘गुरुजी म्हणे, तुमचं नाव तं नाही दिसत देवराव. तं बाबा म्हणे, असन कुठं तरी, इंग्रजीत बारीक दिसत असन.’’ तिने नोंदवही मिटली. ‘‘मले म्हणे, तिले विचारजो नको.’’

... ते गेले तोवर त्या वाचनाला चार वर्षं झाली होती. त्या चार वर्षांत आम्ही जवळपास दर रविवारी बोललो.

सुजातावर मला चिडता आलं असतं तर बरं झालं असतं. ती रागावलेली नव्हती, दमलेली होती, आणि मीही. आम्ही दोघी जमिनीवर बसलो. त्या मासिकाला मी आता कळवलं आहे. आभाराच्या मजकुरात नंतर दुरुस्ती करत नाही, असं सभ्य उत्तर आलं. म्हणून ती ओळ मी इथे लिहिली आहे, जिथे ती वाचायला गुरुजींची गरज पडणार नाही. उशीर झाला आहे हे मला माहीत आहे.

नोंदवही मी सोबत आणली. ती माझ्या टेबलावर, शीतकक्षाच्या दाराजवळ असते. तिच्यात दर दोन तासांची नोंद आहे, एकही रकाना रिकामा नाही : हौदाचं तापमान, डब्यांची रांग, शेरा. शेऱ्यात बहुतेक ठिकाणी ‘ठीक’ एवढंच आहे. मी दुसरा फोटो पाठवला त्या दिवशीच्या पानावर तीच शाई आणि तेच सरळ अक्षर आहे. सकाळच्या आणि दुपारच्या नोंदींच्या मध्ये त्यांनी एक ओळ वाढवली आहे. हौदाच्या रकान्यात ‘जर्मनी’ लिहिलं आहे. तापमान त्यांना माहीत नव्हतं, म्हणून तो रकाना त्यांनी आडव्या रेघेने भरला आहे. शेऱ्यात लिहिलं आहे : ‘आपल्या पोरीची लादी. वरून गोठवली. मधात फुटली नाही.’