संवादाखालचा आवाज

टीव्हीतल्या माणसाला इतक्या मनापासून शिव्या घालणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. चिंचवडच्या सोसायटीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. रविवारी दुपारी जेवणं आटोपत होती, तेवढ्यात खालच्या मजल्यावरून आरोळी आली, "गप बस मेल्या! आई मरतेय तर मरू दे तिला सुखानं, बडबडतोस कशाला?" घरात भांडण पेटलं असं वाटून मी आणि बायको धावत खाली गेलो. दार उघडंच होतं. सत्तरी ओलांडलेली, काटकुळी बाई टीव्हीसमोर कमरेवर हात ठेवून उभी होती आणि पडद्यावर एक जुना नायक आईचं डोकं मांडीवर घेऊन रडत होता, बोलत होता, परत रडत होता.

"ऐकलंत?" बाईंनी आम्हाला विचारलं. ओळख ना पाळख. "त्याच्या मागं कोण गातंय ते ऐकलंत?"

आम्ही ऐकलं नव्हतं.

"मी गातेय," त्या म्हणाल्या आणि टीव्ही बंद केला.

सोसायटीतली पोरं त्यांना आ-काकू म्हणायची. काकूंना त्याचा राग नव्हता. "बरोबरच आहे. जन्मभर मला दुसरं अक्षर दिलंय कुणी?" असं त्या म्हणत. रत्नागिरीकडची मुलगी, मामाकडे मुंबईला गाणं शिकली आणि सिनेमाच्या पार्श्वसंगीतात गाऊ लागली. गाणी गायला मोठ्या गायिका असत. पण पडद्यावर कुणी मेलं, कुणी गाव सोडून निघालं की मागं एक बिनशब्दांचा आलाप येतो, त्या आलापाला काकूंसारख्या बायका लागत. पुढे पिंपरीच्या एका कंपनीतल्या सुपरवायझरशी लग्न होऊन त्या चिंचवडला आल्या. तरी बोलावणं आलं की जात. नवऱ्यानं कधी अडवलं नाही, आणि कधी ऐकलंही नाही. तो गेला तेव्हाही काकू त्याच्याबद्दल एवढंच म्हणाल्या, "माणूस चांगला होता. कानानं जरा गरीब."

त्या सिनेमाचं रेकॉर्डिंग त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की मीच तिथं हजर होतो असं वाटतं. हॉलभर व्हायोलिनवाले, काकू काचेच्या खोलीत एकट्या. संगीतकार आत येऊन म्हणाले, "बाई, आई मरतेय असं गाऊ नका. पोराला पहिल्या दिवशी शाळेत सोडून ती एकटी घरी निघालीय, असं गा." काकू तशा गायल्या. आलाप संपला. मग सगळ्या व्हायोलिनवाल्यांनी आपले गज समोरच्या स्टँडवर टकटक वाजवले. वादकांची टाळी ती. स्वतः काकूंना मात्र आपलं रेकॉर्डिंग परत ऐकायला मिळालं नाही. बाहेर पुढच्या सिनेमाची मंडळी ताटकळत होती, हॉल रिकामा करून द्यायचा होता.

मग तबकडी बाजारात आली. काकू दुकानात गेल्या, त्यावरची नावं वाचली, उलटून वाचली, पुन्हा पहिल्या बाजूनं वाचली. नुसती गाणी. दुकानदार म्हणाला, "बाई, तिसरी बाजू नसते." सिनेमा लागला तेव्हा थेटरात जाऊन बसल्या, तर त्यांच्या आलापावर नायकाचे संवाद, संवादांवर विजांचा कडकडाट. "मला जिवंत पुरलं रे तिथं," त्या म्हणायच्या. "आणि वर हा मेला उभा राहून भाषण करतोय."

सोसायटीच्या भजनी मंडळात बायकांना शिकवताना हाच राग निघायचा. सुरात कमी पडलं तर त्या समजून घेत. पण कुणी शब्द गिळला की काकू टाळ खाली ठेवत. "फुकट मिळालेत म्हणून असे सांडता? अख्खा अभंग दिलाय तुम्हाला. चावून म्हणा!" एकदा माझ्या बायकोला इतकं बोलल्या की ती रडत घरी आली. दुसऱ्या दिवशी काकू वाटीभर सोलकढी घेऊन दारात. माफी नाही मागितली. "चुकीचंच म्हणत होतीस," म्हणाल्या, "पण आवाज गोड आहे तुझा. म्हणून तर राग आला."

लोक सल्ले देत. वकील करा, नाव लावून घ्या, पेपरात द्या. काकू फटकारत, "नाव काय चाटायचंय? मला ते एकदा ऐकायचंय. मध्ये कुणी न बोलता. बस्स."

आणि मग बातमी आली. महाळुंग्याच्या आमच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर वाचली मी. त्या सिनेमाचं संपूर्ण पार्श्वसंगीत, आजवर कधीच प्रसिद्ध न झालेलं, अल्बम म्हणून येणार. मूळ टेप सापडल्या होत्या. संध्याकाळी घरी जाण्याआधी काकूंकडे गेलो. त्यांनी बातमी मला दोनदा वाचायला लावली. मग कधी नाही ते हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे तो गप बसणार?" दुसऱ्याच दिवशी त्यांनी अल्बम काढणाऱ्या कंपनीला स्वतः फोन लावला. आपण कोण ते सांगितलं, अभिनंदन केलं, आणि "नाव नाही घातलंत तरी चालेल हो," असंही सांगून टाकलं.

अल्बम आला. काकूंच्या खोलीत मी छोटा स्पीकर लावला. व्हायोलिनं सुरू झाली, स्वच्छ, काल वाजवल्यासारखी. ना संवाद, ना वीज. काकू टेकून बसल्या होत्या त्या सरळ झाल्या. आवाज यायची जागा आली. व्हायोलिनं खाली झाली, वाट करून दिल्यासारखी. आणि त्या वाटेनं कुणीच आलं नाही. आवाज नव्हताच. तुकडा संपला.

"परत लाव," काकू म्हणाल्या. परत तेच.

"लातूरकर," मी लातूरचा म्हणून त्या मला असंच म्हणत, "उद्या गाडी काढ."

त्या कंपनीच्या मुंबईतल्या ऑफिसात आम्हाला आत घेत नव्हते. काकू स्वागतकक्षातल्या सोफ्यावर बसल्या, डबा उघडला आणि शांतपणे जेवायला लागल्या. जेवून झाल्यावर म्हणाल्या, "मी उद्याचा डबाही आणलाय." मग एक तरुण अधिकारी आला. सभ्य होता, हे मुद्दाम सांगतो, कारण त्याच्यावर ओरडणं सोपं झालं असतं.

"मॅडम, आवाज आणि वाद्यं वेगवेगळ्या टेपवर होती. दोन्ही सापडल्या. आम्ही एकत्र केलंही होतं. मग तुमचा फोन आला. लीगल टीमनं करार मागितला, तो सापडेना. उद्या तुम्ही क्लेम केलात तर? म्हणून ते म्हणाले, व्हॉइस काढून टाका."

"आणि फोन केला नसता तर?"

"तर... कोण गायलंय ते आम्हाला माहीतच नव्हतं, मॅडम."

"म्हणजे मी मेलेली असते तर अल्बमात जिवंत राहिले असते."

काकू म्हणाल्या, "आण कागद. लिहून देते. माझा कसलाही हक्क नाही म्हणून सही करते." तो म्हणाला, "आता रिलीज झालाय, मॅडम. परत बदलत नाहीत. आवाजाची टेप कपाटात कुलपात गेली."

मी क्वालिटीत काम करतो. खराब पार्टला आम्ही लाल टॅग लावतो आणि त्यावर कारण लिहितो. इथं पास झालेला माल यांनी फेकून दिला होता, आणि कारण काय, तर बनवणारी जिवंत आहे!

त्या मुलाला काय वाटलं कोण जाणे. तो आम्हाला एका छोट्या खोलीत घेऊन गेला, फोन बाहेर ठेवायला लावले आणि म्हणाला, "एकदाच. कुणाला सांगू नका." आणि त्यानं आवाजासकट ते लावलं.

मला संगीतातलं कळत नाही. एवढंच सांगतो, की तो आवाज शाळेच्या फाटकापासून घरापर्यंत चालत गेला आणि मध्ये एकदाही मागं वळला नाही. काकूंनी डोळे मिटले नव्हते. एखादी भाडेकरीण आपलंच जुनं घर बघते तशा त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

"परत लाव."

"सॉरी मॅडम. एकदाच म्हणालो होतो."

आम्ही परत निघालो. उर्से टोलनाक्याच्या रांगेत गाडी थांबली तेव्हा काकू म्हणाल्या, "चांगलं होतं रे."

"फार चांगलं होतं, काकू. ऐकलंत ना शेवटी?"

"तेच तर!" त्या माझ्यावर अशा काही ओरडल्या की शेजारचा ट्रकवाला वाकून बघायला लागला. "इतकी वर्षं मनात म्हणायचे, वाईट झालं असेल. कुठं सूर हलला असेल, म्हणून झाकलं असेल. त्या एका आशेवर काढले दिवस. आज तीही गेली. वाईट असतं तर मी सुटले असते, लातूरकर!"

मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

त्यानंतरच्या हिवाळ्यात काकू न्युमोनियानं गेल्या. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी फोटोसकट संदेश टाकला, "त्यांचा आवाज रसिकांच्या मनात अजरामर राहील." खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मी एकच शब्द लिहिला, "कुठे?"

सेक्रेटरी जुन्या चिंचवड गावठाणातले, मनानं सरळ माणूस. त्यांचा लगेच फोन आला. "भाऊ, मयताच्या टायमाला असं लिव्हत्यात व्हय?"

मी त्यांना सगळं सांगितलं. फोन, टेप, कपाट, ते एकदाच ऐकणं. ते म्हणाले, "अन् आता? आता तर म्हातारी बी न्हाई भांडायला. आता तरी उघडतील का ते कपाट?"

"नाही," मी म्हणालो. "आता त्यांना तिच्या वारसांची भीती."

"आरं तिच्या..." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

थोड्या वेळानं ग्रुप उघडला. सेक्रेटरींनी आपला संदेश काढून टाकला होता. जोडलेले हात आणि माझं "कुठे?" तेवढं खाली उरलं होतं.