सडा घातलेला चौकोन

दिल्लीच्या त्या आंतरराष्ट्रीय संमेलनात माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा वाटलं, आपण इथं आलोच कशाला. वर्ध्याच्या कॉलेजात पोरांना वनस्पतिशास्त्र शिकवणारी मी, आणि समोर देशोदेशीचे शास्त्रज्ञ. कागद टेबलावर ठेवून वाचायला लागले, तर मान खाली गेली आणि मागून कुणीतरी "मोठ्यानं!" म्हणून ओरडलं. मेले! म्हटलं, बाई, संपलं आता.

विषय तसा साधा होता. पन्नास सालानंतरचे ते दिवस. हिंगणीजवळच्या जंगलात सागाखाली तारेचं कुंपण घालून मी एक चौकोन राखला होता. आतलं पान पडेल तिथंच राहू द्यायचं आणि ते कसं संपतं ते बघत बसायचं. वाळवी त्यावर मातीचं अस्तर चढवते आणि पावसाची वाट न बघता उन्हाळ्यातच पानाचा फडशा पाडते, असं माझं म्हणणं. लोक हसतील या भीतीनं घरीसुद्धा मी ते धड कुणाला सांगितलं नव्हतं.

अध्यक्ष होते एक परदेशी म्हातारे शास्त्रज्ञ. माझं वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"पानं इतक्या लवकर जातात? तिथली माणसंच पाला झाडून नेत नाहीत कशावरून?"

"तिथल्या काडीलासुद्धा कुणी हात लावत नाही," मी म्हणाले. खरं तेच बोलत होते, पण आवाज माझा मलाच चोरटा वाटला.

ते म्हणाले, "मी मद्रासला निघालोय. वाटेत उतरून बघतो, मग छापायचं ठरवू."

संमेलनाच्या ग्रंथात काय छापायचं ते त्यांच्याच हातात होतं. तिथं छापलं नाही तर इतक्या वर्षांची मेहनत मातीत, आणि वर ही बाई थापा मारते असा कायमचा शिक्का.

त्या चौकोनाची राखण जंगलालगतच्या वस्तीतली एक गोंड मावशी करायची. मोहफुलं नीट दिसावीत म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात; ती आग तिनं दर साली कुंपणाबाहेरच थोपवली होती. लोकांच्या गुरांवरून भांडणंही केली होती. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी तिला सांगून आले, की समुद्रापलीकडून एक मोठे साहेब आपली जागा बघायला येणार आहेत.

"अव माय! इतक्या दुरून?" तिनं गालावर हात ठेवला. "तू काई फिकर करू नोको, बाई. घेऊन येजो त्याले."

दुसऱ्या दिवशी स्टेशनवरून कॉलेजच्या जीपमधून निघालो. पाहुणे हसून काहीबाही विचारत होते आणि मी हो हो करत होते, पण जीव सगळा तिकडे. रात्री वणवा लागला असेल का? बैल कुंपण मोडून शिरले असतील का? वाईटातलं वाईट जेवढं सुचलं तेवढं सगळं मनात आणून झालं.

जे झालं होतं ते मात्र सुचलं नव्हतं. कुंपणाच्या आत एकही पान नव्हतं. जमीन खराट्यानं लख्ख झाडलेली, वर शेणाचा सडा, मधोमध रांगोळी. बाहेर एका बाजूला पाल्याची राख धुमसत होती. आणि मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून, पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन उभी.

वाळवी मी त्यांना दहा ठिकाणी दाखवू शकले असते, पण त्यांचा प्रश्न वाळवीचा कुठं होता?

"हे कुणी झाडलं, विचारा तिला," ते म्हणाले. तिथं इंग्रजी समजणारी मी एकटी. मी विचारलं.

"मीनंच झाडलं," मावशी म्हणाली. "येवढा पाव्हणा येऊन राह्यला, आन् पायाखाली कचरा? या बाईनं मले आजवर एक पान उचलू देलं नाई. पन आज बाईची अब्रू राह्यली पायजे ना!"

मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. सांगता सांगताच घोळ ध्यानात आला. आजवर एक पान उचललं नाही, हेच तर मला हवं होतं. नेमकं तेच ती बोलली, आणि ते सांगणारी मीच! माझ्या सोयीचं मीच पदरचं घालून सांगतेय, असंच त्यांना वाटणार. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अस्सं," ते फार सभ्यपणे म्हणाले. रागावले असते तर मी भांडले तरी असते. मावशीच्या तांब्यातलं पाणी ते प्यायले, तिला नमस्कार केला आणि जीपमध्ये जाऊन बसले. निबंध छापला जाणार नाही हे मला तिथंच कळलं.

मी निघाले तर मावशीनं माझं कोपर धरलं.

"काय म्हन्ते व पाव्हणा? आवडलं ना त्याले?"

"लय आवडलं," मी म्हणाले. "इतकी स्वच्छ जागा त्यांनी कुठंच पाहिली नाही."

तिनं केवढा तरी सुस्कारा सोडला. "बरं झालं, माय. मले सकाळपासून भेव वाटून राह्यलं होतं, तुह्या कामात माह्याकडून काई उणं पडते का म्हून."